मडक्यातला राळा

घरून,
१८ फेब्रुवारी

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे, तुमचे दादा सोडून. लगेच उठून पिशवी भरू नका, तसं काही नाही. पायाला मुंग्या येतात, सारखं पाणी पितात, म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साखर निघाली. बाईंनी गोड बंद केलं, भात अर्ध्यावर आणला आणि म्हणाल्या की पूर्वीची बारीक भरड धान्यं कुठे मिळाली तर ती खा, ती सावकाश पचतात, साखर एकदम चढत नाही. मी म्हटलं, शोधायची कशाला, आमच्या वरच्या शेतात राळा होतो. त्या हसल्या. शहरात हल्ली राळा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालतात म्हणाल्या. घरी येईपर्यंत हे धुसफुसत होते की बायको आणि डॉक्टर दोघींनी मिळून आपला पोपट केला.

तुम्हाला आठवत असेल, मामंजी गेल्यावर ह्यांनी सगळीकडे मका केला. पशुखाद्याच्या कारखान्याची गाडी बांधावर येते, माल उचलते, कटकट नाही. वरचा खडकाळ तुकडा तेवढा मी मागून घेतला. तिथे मका रुजतच नाही, म्हणून मिळाला. राळ्याला ना खत लागतं, ना पाणी द्यावं लागतं. पेरला की आपला आपण येतो, आणि चार-पाच वर्षं ठेवला तरी किडत नाही. आता गावात तो फक्त आपल्याकडे उरलाय. लोकांनी का सोडला हेही मला ठाऊक आहे. मोहरीएवढा दाणा, त्यावर गुळगुळीत, घट्ट चिकटलेलं टरफल. उखळात कांडा, पाखडा, परत कांडा, परत पाखडा. दोन माणसांच्या जेवणाला माझी अख्खी सकाळ जाते. आजवर हौसेपुरता करत होते, आता रोजचा लागणार.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही एवढे कारखान्यातले फिटर, लोकांचे पंप जुळवता. हाताने फिरवायचं, टरफल काढणारं एखादं लहानसं यंत्र जमेल का? नमुन्याला न कांडलेला राळा पिशवीभर पाठवते आहे. जाऊबाईंना सांगा, खाऊ म्हणून उघडू नका.

छकुलीला पापा. लोभ आहे हे मी धरूनच चालते.

तुमची,
वहिनी

---

६ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र आणि पिशवी दोन्ही पोचलं. दादाची साखर ऐकून काळजी वाटली आणि पोपट ऐकून हसूही आलं. त्याला सांग, पोपटाला निदान मिरची तरी मिळते.

यंत्राचं मनावर घेतलं आहे. जेवणाच्या सुट्टीत दाणे तळहातावर घेऊन बसलो होतो. दगडाच्या जात्यात घातले तर पीठ होईल, म्हणून एक तबकडी खरखरीत आणि दुसरीला रबर लावायचं, मधली फट स्क्रूने कमीजास्त करता येईल अशी ठेवायची आणि खाली कोंडा उडवायला पंखा. लेथवर बसणारा माझा दोस्त म्हणाला की हे काही अवघड नाही, चार संध्याकाळचं काम आहे. सध्या मात्र मोठी ऑर्डर आहे, कुणालाच मान वर करायला सवड नाही. ती उरकली की तुझंच काम. पेरणीच्या आत यंत्र तुझ्या ओसरीवर असेल.

मी दुसरीत असताना तू या घरात आलीस. माझी बटणं लावण्यापासून सगळं तू केलंस, आणि एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. ती नाही केली तर मला फिटर कोण म्हणेल?

दादाला नमस्कार. तुझ्या मायेत काटकसर नको.

तुझा,
धाकटा

---

घरून,
२९ जुलै

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवसांत तुमचं पत्र नाही. कामात असाल. पेरणी कधीच झाली. यंत्राचं मी विचारत नाही, नुसतं लिहिते आहे.

यंदा पाऊस आला आणि पाहुण्यासारखा तोंड दाखवून गेला. मका गुडघ्याएवढा झाला आणि तिथेच पिवळा पडला. हे रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहतात आणि परत येतात. वरच्या शेतात मात्र राळा पोटरीला आलाय, आता कणीस बाहेर पडेल. परवा मी ह्यांना मुद्दाम वर नेलं. बराच वेळ ते राळ्याचं एक ताट हातात धरून बसले होते. मग म्हणाले की राळा दुष्काळातही येतो हे आप्पा दरवर्षी सांगायचे आणि मी ऐकून सोडून द्यायचो.

त्यांची साखर चांगली उतरली आहे. डॉक्टरीणबाई खूश आहेत. दोन्ही वेळा राळाच शिजवते. उखळाशी माझी आता इतकी गट्टी झालीय की मुसळ उचललं नाही तर सकाळ झाली असं वाटत नाही. उजवा खांदा जरा कुरकुरतो. म्हातारपण दार वाजवायला लागलं, दुसरं काय. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल? आमच्या बाबतीत डोकं दाण्यांचं आणि घाव खांद्यावर, एवढाच फरक.

जाऊबाईंना आणि छकुलीला आशीर्वाद. दोन ओळी लिहीत जा, तेवढ्याने पोट भरतं.

तुमची,
वहिनी

---

२१ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान पकडले. यंत्राचं अगदीच विसरलो असं नाही. एकदा तबकड्या कापून पाहिल्या, फट मोठी राहिली आणि दाणे जसेच्या तसे खाली आले. फट कमी केली तर पीठ. रबर बदलायला हवं. तेवढ्यात ऑर्डर वाढली, मग छकुलीच्या शाळेची धावपळ, मग रात्रपाळी. पिशवी माझ्या कपाटात आहे, रोज दार उघडलं की माझ्याकडे बघते.

मक्याचं वाचून फार वाईट वाटलं. दादाला धीर दे. खांदा शेकत जा, आणि कांडायला एखादी बाई लावता आली तर बघ. कापणीच्या आधी यंत्र नक्की करतो. यात आता पुढे-मागे होणार नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी आशीर्वाद तेवढे चालू ठेव.

तुझा,
धाकटा

---

घरून,
१० नोव्हेंबर

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

राळा घरात आला. दरवर्षीपेक्षा थोडा कमी, पण आला. गावात कणीस घरी नेलेलं आमचं एकच घर. मक्याची वैरणसुद्धा धड झाली नाही.

गंमत बघा, ज्यांनी मला वर्षानुवर्षं चिमणीची मालकीण म्हणून चिडवलं, त्या सगळ्या बायका एकेक करून येऊन गेल्या. कुणी चार पायली नेला, कुणी दोन. नाही कशी म्हणणार, त्यांच्याही घरात खाणारी तोंडं आहेत. त्यातल्या तिघी-चौघींनी बी मागितलं, पुढच्या वर्षी त्यांनाही पेरायचा आहे म्हणून. पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, कांडायचं कोणी? एकीने तर सांगितलं की नुसतं टरफल काढून मिळालं असतं तर तिने जन्मात दुसरं पीक घेतलं नसतं. मी त्यांना सांगून टाकलं की माझे दीर यंत्र करताहेत, ते येऊ दे, मग ओंजळ-ओंजळ बी प्रत्येकीला देते. आधी दिलं आणि कंटाळून कोंबड्यांना घातलं तर बी फुकट जाईल, असा माझा हिशेब. बी मी नेहमीसारखं राख मिसळून मडक्यात बांधलं आणि माळ्यावर ठेवलंय.

अंबाडा घालायला आता हात मागे जात नाही, म्हणून तो सोडून दिला. ह्यांच्या ते लक्षात आलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर कांडू देणार नाहीत आणि परत भातावर येतील. तुम्हीही लिहू नका.

बाकी ठीक. आठवण ठेवा, आमचीही आणि दुसऱ्या गोष्टीचीही.

तुमची,
वहिनी

---

१२ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. आजवर घरातलं सगळं तीच लिहायची.

गेल्या सोमवारी ती कांडत होती. मी ओसरीत होतो. मुसळ खाली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं हातातून सुटलं असेल, म्हणून मी उठलोही नाही. थोड्या वेळाने तिने हाक मारली, तेव्हा गेलो. भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. मोठ्या दवाखान्यात आणलं. खांद्यातला स्नायू फाटलाय. डॉक्टर म्हणाले की हे एका दिवसाचं नाही, वर्षभर झिजत होता, आधी का आणलं नाही. ती रोज माझ्यासमोर कांडत होती. मी जेवत होतो आणि साखर उतरली म्हणून खूश होतो.

शस्त्रक्रिया झाली. हात छातीच्या वर जाईल की नाही सांगता येत नाही म्हणाले. इथे आणखी काही दिवस, मग तिच्या बहिणीकडे विश्रांतीला नेणार. तिने तुला कळवायचं नाही असं बजावलं आहे. मी कळवतो आहे.

दादा

---

२७ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला कारखान्यात उभं राहवेना. साहेबांना सांगून रजा टाकली, आणि घरी न येता लेथवरच्या दोस्ताकडे गेलो. वाटलं, नुसतं तोंड घेऊन वहिनीसमोर कसा उभा राहू.

दादा, यंत्र झालं. खरंच चार संध्याकाळी लागल्या. रबर थोडं मऊ हवं होतं, बाकी काही नाही. वर्षभर मी ज्याला वेळ नाही म्हणत होतो, ते एवढंच काम होतं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

वहिनीने पाठवलेली पिशवी आम्ही सगळी त्यातून काढली, फट अगदी बरोबर लागेपर्यंत. शेवटी एक दाणा टरफलासकट राहिला नाही. सोबतच्या गाडीने यंत्र पाठवतो आहे. डावा स्क्रू आवळू नकोस. एका हाताने फिरतं, कोणत्याही हाताने. तिला आता मुसळाला हात लावू देऊ नकोस.

मी लवकरच येतो. तिने बोलावलं तर उद्या येतो.

तुझा,
धाकटा

---

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

यंत्र मिळालं. तू सांगितलंस तसं बसवलं. फिरवायला हलकं आहे. वर राळा घाला, एकीकडून पिवळे धमक मोकळे दाणे, दुसरीकडून कोंडा. मी आधी ओंजळभर घालून पाहिला आणि मग थांबवेना. ती घरी यायच्या आत घरातला सगळा राळा सोलून ठेवला. बायकांना वाटून उरलेलं पोतं होतं ते केलं. माळ्यावर एका मडक्यात राख लागलेला थोडा होता, तोही चाळून, झटकून, धुऊन, वाळवून केला. आता तिला वर्षभर बघायला नको. पत्र्याच्या डब्यात भरून डबे ओळीने लावलेत.

परवा तिला आणतो. दाखवतो आणि मग तुला कळवतो काय म्हणाली ते.

दादा

---

घरून,
९ मार्च

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बघून हसू नका, डाव्या हाताने लिहिते आहे. छकुली माझ्यापेक्षा बरं काढत असेल.

यंत्र फार छान झालंय. खोटं कौतुक नाही. मी डाव्या हाताने फिरवलं आणि मला मामंजींच्या वेळच्या सगळ्या बायका आठवल्या, ज्यांनी या कांडण्यापायी कंबर आणि खांदे घालवले.

तुमचे दादा मला दारातून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. डबे ओळीने मांडलेले. लग्नात सुद्धा इतके खूश दिसले नव्हते. मी एकेक झाकण उघडून बघितलं, आणि मग माळ्यावरचं मडकं कुठे आहे विचारलं. त्यांनी मडकंही दाखवलं, घासूनपुसून पालथं घातलेलं.

भावजी, त्या मडक्यात बी होतं. तेवढंच होतं. सोललेला दाणा रुजत नाही. तरी मी मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवला. रोज उघडून बघत होते. त्याला वास यायला लागला तेव्हा टाकला.

ह्यांना मी रागावले नाही. कशावर रागावू? मका करायला लागल्यापासून बी म्हणजे दुकानातली रंगीत पुडी, हेच त्यांच्या डोळ्यांना दिसतं. घरातलं धान्य हेच बी असतं हे ते विसरले, आणि मी त्यांना कधी सांगितलं नाही की मडक्यात काय आहे. तुम्हाला लिहिलं, त्यांना नाही सांगितलं. कळल्यावर हे गोठ्यात जाऊन बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

बायकांना तेव्हाच ओंजळ-ओंजळ दिलं असतं तर आज चार घरांत असतं. एखादीने कोंबड्यांना घातलं असतं, पण एखादीने जपलं असतं. त्यांना विचारून आले. त्यांनी नेलेला राळा कांडून खाल्ला, दुष्काळात ठेवणार कोण?

तुमच्याकडे पाठवलेल्या पिशवीतला थोडासा, तळाशी, शिवणीत अडकलेला का होईना, आहे का ते बघा.

तुमची,
वहिनी

---

१८ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पिशवी उलटी करून, शिवण उसवून पाहिली. कपाट झाडलं. कारखान्यातल्या फटींतून पिनेने उकरलं. सापडलं ते सगळं सोललेलं. शेवटी एक दाणा राहिला नाही म्हणून मी दादाला फुशारकीने लिहिलं होतं. सगळं करून मुसळ केरात म्हणतात, ते आम्ही दोघा भावांनी करून दाखवलं.

पक्ष्यांच्या दुकानात गेलो. पोपट, लव्हबर्ड, पिंजरे, आणि एका पोत्यात राळा. दुकानदाराने खाणारा पक्षी कोणता विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. टरफलाचा आहे, रुजतो. मी ओल्या कापसात घालून बघितला. पाठवतो आहे. आपला नाही, पण राळा आहे.

मी येत्या आठवड्यात येतो. बोलावणं नको आता.

तुझा,
धाकटा

---

घरून,
३ ऑक्टोबर

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पावसाच्या तोंडाला परत येऊन तुम्ही पेरून गेलात त्या राळ्याचं कळवायचं राहिलं. उगवण चांगली झाली होती. पण कणीस आलं ते गुळगुळीत. आपल्या राळ्याला लांब कुसळं असायची, चिमणीच्या तोंडात टोचायची, म्हणून ती फिरकत नसे. याला एकही कुसळ नाही. पक्ष्यांसाठीच वाढवलेलं वाण, पक्ष्यांनी ओळखलं. हे पत्र्याचा डबा बडवत दिवसभर उभे राहायचे. शेवटी काडी तेवढी उरली.

मग ह्यांनी एक केलं, मला न विचारता. यंत्र पाठीवर बांधून डोंगरापलीकडच्या वस्तीवर गेले. तिथे कुणाकडे जुना राळा असेल अशी त्यांना आशा. साखरेचा माणूस, चढ केवढा, पण ऐकतील तर शपथ. राळा कुणाकडेच नाही. तिथल्या एका म्हातारीला आठवत होता, तिने कुसळांसकट वर्णन केलं म्हणे, आणि मग म्हणाली की तुम्ही दहा वर्षं आधी यायला हवं होतं. पण वरई आहे. चार घरं अजून करतात, आणि त्यांचंही रडगाणं तेच, सोलायचं कोणी? ह्यांनी ओसरीवर यंत्र मांडलं, फट जुळवली आणि दिवसभर लोकांची वरई सोलून दिली. संध्याकाळी बायकांनी परत येताना बी बांधून दिलं. हे येऊन पहिल्यांदा काय बोलले असतील? की बी आहे, याला कुणी हात लावायचा नाही. अर्धं त्यांनी त्याच रात्री आपल्या गावातल्या बायकांच्या घरी पोचवलं.

त्या वस्तीला एक यंत्र हवं आहे. मी तुमच्या वतीने हो म्हटलेलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

थोडी वरई खायलाही दिली होती. काल शिजवली. छान मोकळी झाली. साखरेलाही चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि चांगली आहे म्हणाले. मीही हो म्हटलं. ताट संपत आलं तेव्हा हे खाली बघूनच म्हणाले की त्याची चव वेगळी होती. मी म्हटलं, हो, वेगळी होती. त्यांनी आणखी थोडी वाढ म्हणून ताट पुढे केलं. मी वाढायला उजवा हात उचलला, तो तिथपर्यंत गेला नाही, मग त्यांनीच पातेलं जवळ ओढून घेतलं आणि आधी मला वाढलं.

जाऊबाईंना, छकुलीला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू द्या, त्याला कशाची झळ लागलेली नाही.

तुमची,
वहिनी